पाय मिळाल्यानंतरचं वर्ष

कृत्रिम पाय बसवण्याच्या शिबिराचा दिवस सगळ्यांनाच आवडतो. सकाळी कुबड्यांवर आलेला माणूस संध्याकाळी दोन पायांवर उभा राहतो, पाहुण्यांच्या हस्ते श्रीफळ दिलं जातं, दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर फोटो येतो. त्या दिवसाबद्दल वाकडं बोलण्याचं कारण नाही. अशा शिबिरांनी देशभरात लाखो माणसं उभी केली आहेत. मात्र ज्याला पाय मिळाला त्याची परीक्षा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते आणि तोवर मांडव उठलेला असतो. स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, आटतो, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल पडतं, हाडाच्या टोकाशी कातडी सोलवटते. चार दिवस विश्रांती म्हणून काढून ठेवलेला पाय मग पडवीच्या कोपऱ्यात उभा राहतो तो राहतोच. ‘दिला होता, पण वापरत नाहीत,’ असं घरचे सांगतात. त्यात न वापरणाऱ्याचा आळस थोडा आणि पाय देणाऱ्या व्यवस्थेचा विसराळूपणा जास्त, असं माझं मत आहे.

हा आढावा अलोरे डोळ्यांसमोर ठेवून घेतला आहे. चिपळूणहून कराड रस्त्याने कुंभार्ली घाटाकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे ते नावारूपाला आलं. शेजारी कोळकेवाडीचं धरण, पुढे पोफळी, आणि पाठीशी सह्याद्रीची भिंत. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. वसाहतीतल्या डांबरी रस्त्यावर राहणारा आणि वर वाडीत, जांभ्या चिऱ्यांच्या पाखाडीवर राहणारा, अशा दोघांना एकाच मापाचा पाय दिला तरी त्यांचे प्रश्न एक नसतात. उपचारासाठी कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे, डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय आहे. पण कृत्रिम अवयवांची जुनी, जाणती ठिकाणं म्हणजे मुंबईत हाजीअली आणि पुण्यात वानवडीची बाजू. सॉकेट दोन मिलिमीटर घासून घ्यायचं तर माणसाला घाट चढून किंवा रात्रीची गाडी धरून एवढं अंतर कापावं लागतं. पुढे जे काही सांगायचं आहे, त्याच्या मुळाशी हे अंतर आहे.

पाय जातो कसा, हे थोडक्यात. पूर्वी अपघात हेच कारण लोकांना पटकन आठवायचं: महामार्ग, रेल्वे, कारखान्यातलं यंत्र. आता शुगर त्यांच्या बरोबरीला येऊन बसली आहे. बोटाला कापलेलं कळत नाही, जखम चिघळते, गँगरीन होतं. विडी-तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा बर्जर नावाचा आजार आहे, तो ऐन चाळिशीच्या आतल्या माणसांना गाठतो. फुरसं किंवा घोणस चावल्यावर मांस सडून पाय गमावलेलेही कोकणात भेटतात. कारण कुठलंही असो, पुढच्या आयुष्याचं गणित एका गोष्टीवर ठरतं: गुडघा वाचला की नाही. पोटरीतून पाय गेलेल्या धडधाकट माणसाला कृत्रिम पायाने चालताना साधारण पावपट जास्त शक्ती लागते. मांडीतून गेला असेल तर ती निम्म्याहून अधिक वाढते. रक्तवाहिन्यांच्या आजाराने पाय गेलेल्या वयस्कर माणसाला याहूनही जड जातं. म्हणून नातेवाइकांनी शस्त्रक्रियेआधी सर्जनला विचारावा असा पहिला प्रश्न ‘गुडघा राखता येईल का?’ हा आहे. ‘पाय कधी बसवायचा?’ हे नंतर.

शस्त्रक्रिया आणि पहिला पाय यांच्या मधले दोन-तीन महिने घरात ‘वाट पाहण्याचे’ समजले जातात. खरं तर चांगल्या चालण्याची निम्मी तयारी त्यातच व्हायची असते. टाके निघाले की स्टंपला इलॅस्टिक क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधायचं, टोकाशी घट्ट आणि वर येताना सैल. उलट झालं तर खालचा भाग फुगतो आणि स्टंपचा आकार बिघडतो. दिवसातून तीन-चार वेळा ते सोडून पुन्हा बांधावं लागतं. हे काम बहुतेक घरांत बायको किंवा सून करते. रुग्णालयातून निघताना तिच्या हाताखालून एकदा बांधून घेतलं तर पुढचा किती तरी त्रास वाचतो.

दुसरी गोष्ट उशीची. दुखतं म्हणून स्टंपखाली उशी देणं हे मायेचं काम वाटतं, पण त्याने गुडघा किंवा खुब्याचा सांधा वाकलेलाच आखडतो. आखडलेला सांधा सरळ होत नाही आणि वाकड्या सांध्यावर कुठल्याही कंपनीचा पाय नीट बसत नाही. त्यामुळे उशी काढायची, दिवसातून दोन-तीनदा वीसेक मिनिटं पालथं झोपायचं, खुर्चीवर बसताना गुडघा फळीवर सरळ ठेवायचा. आराम वाटणारी गोष्ट इथे घातक आणि कंटाळवाणी गोष्ट उपयोगाची ठरते. हे घरात पटवून देणं अवघड असतं, कारण म्हाताऱ्या आईला आपल्या मुलाच्या पायाखालची उशी काढवत नाही.

याच दिवसांत नसलेला पाय दुखू लागतो. अंगठ्याला मुंग्या येतात, टाच पिळवटल्यासारखी होते, आणि खाली पाहावं तर तिथे काही नाही. पाय गमावलेल्यांपैकी बहुतेकांना नसलेल्या पायाची जाणीव काही काळ राहते. अनेकांना तिथे वेदनाही होतात. गावात याचा अर्थ भलता लावला जातो. कापलेला पाय नीट पुरला नाही इथपासून बाहेरच्या बाधेपर्यंत. वास्तविक मेंदूतला पायाचा नकाशा पाय गेला म्हणून पुसला जात नाही. अमेरिकेत सिलास वेअर मिचेल या डॉक्टरने तिथल्या यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांमध्ये हे पाहून १८७१ मध्ये त्याला नाव दिलं. मूळचे तामिळनाडूचे मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाची युक्ती काढली: धड पाय आरशासमोर हलवायचा, प्रतिबिंबात दुसरा पायही हलताना दिसतो, आणि काहींची कळ ओसरते. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण कपाटाच्या आरशाने होणारा प्रयोग आहे, बिघडत तर काहीच नाही. जोडीला स्टंप हळूहळू चोळणं, मऊ आणि मग खरखरीत कापडाने पुसणं, आणि लागल्यास डॉक्टरांची नसांच्या दुखण्याची औषधं. साध्या वेदनाशामक गोळ्या मुठीने खाऊन हे दुखणं जात नाही.

आता खुद्द पायाकडे. ऋग्वेदात विश्पलेची कथा येते: लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसवून दिला. ती वीरांगना होती की शर्यतीची घोडी, यावर पंडितांत वाद आहे. तो पाय तिला लागला का, सैल झाला का, हे मात्र ऋषींनी नोंदवलेलं नाही. शिबिराच्या बातमीतही ते नसतंच. आपल्याकडे हे काम संस्थेच्या पातळीवर आलं ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी जवानांसाठी १९४४ मध्ये पुण्यात, वानवडीच्या बाजूला, सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. तिथे नागरिकांनाही पैसे भरून अवयव करून मिळतात. १९५५ मध्ये मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये कानपूरला केंद्र सरकारची अलिम्को ही कंपनी आली. पुण्यात भारत विकास परिषदेचं केंद्र आणि साधू वासवानी मिशन यांनीही हजारोंना हात-पाय दिले आहेत.

पण कोकणातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी घटना घडली ती जयपूरला, १९६८ च्या सुमारास. सवाई मानसिंग रुग्णालयात रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगतज्ज्ञ होते. तिथे दिले जाणारे पाय पाश्चात्त्य घडणीचे, बुटात घालायचे, घोट्यात कडक. बूट काढला की काम संपलं, आणि मांडी घालणं किंवा उकिडवं बसणं तर सोडाच. शर्मांनी टायरला रबर चढवण्याच्या दुकानात व्हल्कनायझिंगचं तंत्र पाहिलं आणि त्यातून जयपूर फूट उभा राहिला. टाचेला आणि चवड्याला सूक्ष्म छिद्रांच्या रबराचे ठोकळे, मध्ये लाकूड, वरून कातडीच्या रंगाचं रबर, आणि हे सगळं साच्यात भाजून एकसंध केलेलं. बोटं दिसतात, घोटा चहूबाजूंनी वळतो, अनवाणी चालता येतं. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव मात्र बराच काळ मागेच राहिलं. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हा पाय फुकट देण्याची परंपरा घातली.

नडगीचा भाग सुरुवातीला ॲल्युमिनियमचा असे. पुढे शेतात पाणी नेणाऱ्या एचडीपीई पाइपनं त्याची जागा घेतली. हे काम जवळून पाहण्याजोगं आहे. आधी स्टंपवर प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतात. त्यात प्लास्टर ओतून स्टंपची प्रतिकृती करतात आणि मग कानस घेऊन ती दुरुस्त करतात. गुडघ्याच्या वाटीखाली जिथे भार पेलायचा तिथे थोडं खरवडतात. नडगीच्या धारेवर आणि बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या गाठीवर, जिथे दाब नको तिथे, प्लास्टर चढवतात. पाइपचा तुकडा भट्टीत लोण्यासारखा मऊ होईपर्यंत तापवायचा, दोघांनी हातमोजे घालून तो प्रतिकृतीवर ओढायचा आणि गार व्हायच्या आत दाबून बसवायचा. कडा कापून, खाली रबरी पाऊल स्क्रूने जोडलं की पाय तयार. एका दिवसात होतो. आणि पाइप असल्यामुळे पुन्हा गरम करून एखादी जागा फुगवताही येते. शिबिराच्या वेगाइतकंच हे दुरुस्तीचं सोपेपण मोलाचं आहे, पण त्याचा फायदा घ्यायला गावाजवळ कोणी नसतं.

जयपूर फूटवरची टीका खोटी नाही. तो जड आहे, हाताने बनत असल्याने एकासारखा दुसरा नसतो, आणि गुडघ्यावरून पाय गेलेल्यांना साध्या बिजागरीच्या गुडघ्याने फार सुख मिळत नाही. कार्बन फायबरचं पाऊल, सिलिकॉनचा लायनर, संगणकाने चालणारा गुडघा या गोष्टी निश्चितच सरस आहेत. त्यांच्या किमती लाखांत जातात आणि त्यातल्या बऱ्याच वस्तूंना लाल चिखलाचं पाणी मानवत नाही. लावणीला उतरणाऱ्या माणसाला मी आजही रबरी पाऊलच सुचवीन; चिपळूणच्या बँकेत नोकरी करणाऱ्याला कदाचित नाही.

पाय घरी आला की पहिला मोह दिवसभर घालून मिरवण्याचा. तो टाळायचा. पहिल्या दिवशी तासभर, तोही थोडं उभं, थोडं चालणं, थोडं बसणं असा. मग काढून स्टंप उघड्या उजेडात बघायचा. मागची बाजू आरशात, नाही तर घरातल्या कोणाला तरी दाखवायची. लाली कुठे आहे हे महत्त्वाचं. वाटीखालच्या मऊ जागेवर लाल पट्टा उमटला तर ठीक, भार तिथेच यायला हवा. दहा-पंधरा मिनिटांत तो फिका पडला पाहिजे. नडगीच्या टोकाला, हाडाच्या धारेवर किंवा बाहेरच्या गाठीवर लाली आली आणि राहिली तर सॉकेट चुकतंय. फोड आला तर पाय बंद, जखम भरेपर्यंत. ‘सवय होईल’ हे वाक्य इथे धोक्याचं आहे. स्नायूंना सवय होते, हाडावरच्या पातळ कातडीला होत नाही. शुगर असेल तर दुखणारही नाही, म्हणून डोळ्यांनी पाहणं हाच एक उपाय. सगळं नीट असेल तर रोज थोडा थोडा वेळ वाढवत दोन-तीन आठवड्यांत दिवसभर वापरण्यापर्यंत जाता येतं.

आणि मग येतो तो तिसरा-चौथा महिना. सूज उतरते, न वापरलेले स्नायू बारीक होतात, स्टंप आटतो. पहिल्या वर्षात हे प्रत्येकाचं होतं. यात कोणाची चूक नाही. सॉकेट आहे तेवढंच राहतं. स्टंप त्यात खोल रुतू लागतो, वाटी कडेच्या खाली जाते, टोक तळाला टेकतं आणि पावलागणिक ठणकतं. पहिला उपाय मोज्यांचा: एकावर एक सुती किंवा लोकरीचा मोजा चढवायचा. सकाळी एक पुरतो, दुपारनंतर दुसरा लागतो. घाम, चालणं, जेवणातलं मीठ, यांनी स्टंप दिवसभरातही कमी-जास्त होतो. म्हणून मोजा पिशवीत ठेवूनच बाहेर पडायचं. मोज्याला चुणी पडू द्यायची नाही, फाटका मोजा शिवून वापरायचा नाही. शिवणीची गाठ कातडीत रुतते. पण मोज्यांचे थर जाड होत गेले की स्टंप आत फिरतो, पाऊल बाहेर वळतं. तिथे मोजा संपतो आणि नवं सॉकेट लागतं. पोफळीच्या वीजगृहातलं यंत्र बसवलं आणि देखभालीचं वेळापत्रकच दिलं नाही, असं कोणी करेल का? अलोरेतल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. पाय मात्र तसेच दिले जातात.

स्वच्छतेचे नियम साधे आहेत, पण वेळ चुकली तर उपयोग उलटा. स्टंप रात्री धुवायचा, सौम्य साबणाने, आणि बोटांनी चाचपत पूर्ण कोरडा करायचा. सकाळी धुऊन ओलसर स्टंप लगेच सॉकेटमध्ये घातला तर कातडी फुगलेली असते आणि चिकटून ओढली जाते. तेल-मलम लावायचं तर रात्री. केस काढायचे नाहीत. वस्तऱ्याने कापलेले केस आत वळून पुळ्या येतात. मोजे रोज धुवायचे. सॉकेट आतून ओल्या फडक्याने पुसून रात्रभर उघडं ठेवायचं. डेटॉल-स्पिरिटचा मारा नको, त्याने कातडी फाटते. आणि जोखमीची खरी जागा स्टंप नसून दुसरा पाय आहे. सगळा भार त्याच्यावर येतो. शुगरवाल्यांनी तर त्या पायाची बोटं रोज उलगडून बघावीत. पावसात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या हेच पुढच्या गँगरीनचं दार ठरू शकतं.

पाऊस लागला की हे सगळं दुपटीने कठीण होतं. जूनपासून दसऱ्यापर्यंत मोजा वाळत नाही. चुलीवरच्या दांडीवर मोजे टाकले तर चालतं; पाय मात्र चुलीजवळ ठेवायचा नाही, कारण जो पाइप भट्टीत मऊ होतो तो चुलीच्या धगीनेही वाकतो. सॉकेटमध्ये घाम साचतो, बुरशी धरते, खाज सुटते, आणि खाजवून जखम होते. दर दोन-तीन तासांनी पाय काढून स्टंप पुसणं हा त्यावरचा एकमेव खात्रीचा इलाज. पंचा खांद्यावर असतोच. रबरी पावलाला पाणी चालतं, पण बोटांच्या मुळाशी किंवा घोट्याच्या घडीत रबराला चीर गेली की पाणी आत लाकडापर्यंत पोहोचतं, लाकूड फुगतं, पाऊल करकरू लागतं. म्हणून मे महिन्यात पाय उलटा धरून चिरा आणि स्क्रू तपासावेत. शिबिरात मिळालेला पाय स्टीलच्या नळीचा, वरून फोमचं आवरण असलेला असेल तर तो बांधावर नेऊच नये; फोम पाणी पितो आणि जोड गंजतात.

चिखलातला आणखी एक धोका कातडीतून शिरतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भातखाचरांतून लेप्टोस्पायरोसिस होतो हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. सोललेला स्टंप घेऊन खाचरात उतरणं म्हणजे त्याला वाट देणं. शेवाळलेल्या पाखाडीवर चढताना धड पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, आणि हातात रबरी टोकाची काठी. बूट आणि चप्पल यांचंही गणित आहे. पाय बसवताना टाचेची जी उंची धरली तीच कायम ठेवायची. अनवाणी चालण्यासाठी जुळवलेला पाय उंच टाचेच्या बुटात घातला की माणूस पुढे ढकलला जातो आणि आठवड्याभरात कंबर धरते. लोक दोष मात्र पायाला देतात.

घरात पडण्याची वेळ बहुधा रात्रीची. पाय काढून ठेवलेला असतो, झोपेत लघवीला उठताना नसलेला पाय आहेसं वाटतं आणि माणूस त्यावर उभा राहायला जातो. नव्याने पाय गेलेल्यांत हे इतकं सर्रास आहे की खाटेच्या पायथ्याला आडवी कुबडी ठेवणं, म्हणजे आधी तिला हात लागेल, हा नियमच करावा. शौचालय हा दुसरा प्रश्न. पोटरीतून पाय गेलेला माणूस सरावाने उकिडवा बसतो, मांडीतून गेलेला बसू शकत नाही. त्याला कमोडची खुर्ची आणि भिंतीला लोखंडी कडी लागते. अनुदानातून बांधलेल्या शौचालयांची एक पायरी आणि अरुंद दार यांनी किती जणांना परसात ताटकळत ठेवलंय, हे घरोघरी विचारलं तर कळेल. बायकांच्या बाबतीत विचारणारं कोणी नसतं. तिला साडीत पाय दिसत नाही एवढ्यावर समाधान मानलं जातं. जमिनीवर बसून भाकरी थापायची की ओट्याशी उभं राहायचं, पाणी कोण भरणार, याचा विचार पाय जुळवताना व्हायला हवा. मुलांचा हिशेबच वेगळा: ती वाढतात, म्हणून त्यांना वर्षा-दीड वर्षाला नवा पाय लागतो.

मन रुळण्याबद्दल लोकांना सुधा चंद्रन आठवते. मुंबईत वाढलेल्या या नर्तकीचा उजवा पाय १९८१ मध्ये तामिळनाडूतल्या अपघातानंतर कापावा लागला; जयपूर फूटवर ती पुन्हा नाचली आणि १९८६ चा ‘नाचे मयूरी’ सगळ्यांनी पाहिला. सिनेमा दोन-अडीच तासांचा, तिची तयारी मात्र जवळपास तीन वर्षांची होती, हे विसरलं जातं. आणि २०२१ मध्येही विमानतळावर तपासणीसाठी पाय काढून दाखवावा लागतो याची तिलाच जाहीर तक्रार करावी लागली. प्रेरणेच्या गोष्टींवर माझा आक्षेप एवढाच की त्या ऐकून घरचे म्हणतात, ‘ती नाचते, तुला चालता येत नाही?’ त्यापेक्षा पंचक्रोशीत पाच वर्षं पाय वापरणारा एखादा माणूस शोधून त्याच्या ओटीवर तासभर बसावं. पट्टा कुठे काचतो, एसटीची पहिली पायरी कशी चढायची, शिमग्याला पालखी अंगणात आली की खांदा द्यायचा की नुसतं हात जोडून उभं राहायचं, हे त्याला विचारता येतं.

हातांविषयी थोडंच. स्नायूंच्या विजेवर चालणारा हात महाग, नाजूक आणि दमट हवेत कुरकुरणारा. रोटरीच्या शिबिरांतून फुकट मिळणारा एलएन-४ हा प्लास्टिकचा हात दिसायला ओबडधोबड, पण कोपराखाली पुरेसा भाग शिल्लक असेल तर त्यात चमचा, पेन, सायकलचं हँडल धरता येतं. हात गमावलेले बरेच जण काही महिन्यांनी एका हाताने सगळं करायला शिकतात आणि कृत्रिम हात लग्नकार्यापुरता ठेवतात. पायाचं तसं करता येत नाही.

राहिला पैशाचा आणि कागदांचा भाग. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात ४० टक्के दिव्यांगत्वाची रेषा आहे, दाखला आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र आहे, एसटीत ७५ टक्के सवलत आहे. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातंही काढलं. कृत्रिम अवयवांसाठी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून चालते; अलिम्कोची शिबिरं बहुतांशी तिच्यातूनच होतात. तिचा एक नियम मात्र डोळ्यांत खुपतो. एकदा साधन मिळालं की तेच साधन पुन्हा तीन वर्षं मिळत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. खुर्ची किंवा तीनचाकी सायकलीला हा नियम शोभतो. पायाच्या बाबतीत तो शरीराच्या विरोधात जातो, कारण पहिलं सॉकेट वर्षभरात सैल होणार हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं. पूर्ण पाय तीन वर्षांनी द्या, पण पहिल्या वर्षातलं सॉकेट त्याच पायाचा भाग समजा, एवढा बदल कागदावर फार मोठा नाही. जयपूरची समिती पाय बदलूनही फुकट देते, पण त्यासाठी केंद्रापर्यंत जावं लागतं आणि अंतराचा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

हे अंतर कमी करायला इमारत लागत नाही. एक छोटी भट्टी, कानस, स्क्रूचा डबा, मोज्यांचे गठ्ठे आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला एक तंत्रज्ञ, एवढं एका गाडीत मावतं. ती गाडी चिपळूण तालुक्यात वर्षातून तीनदा आली तरी पुष्कळ: शिबिरानंतर तीन महिन्यांनी, पावसाआधी, आणि दिवाळीनंतर. ती येईपर्यंत निदान मुंबई-पुण्याची खेप तरी सोसली पाहिजे. गणपतीला चाकरमानी घरी येतात, त्यांच्याबरोबर परतीच्या गाडीत हाजीअलीला जाण्याचा बेत काही घरं जमवतात. पण मजुरी बुडते, सोबतीचं भाडं पडतं, एक रात्र कुठे तरी काढावी लागते. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते वर्षअखेरीला वस्तू वाटून संपवण्यापेक्षा सॉकेट बदलण्याच्या खेपेसाठी, मोज्यांसाठी आणि शौचालयातल्या कडीसाठी राखून ठेवता येतात. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव पुरतो, आणि १ मेची ग्रामसभा पावसाच्या बरोबर महिनाभर आधी येते.